म्हशीचा माज आणि माझा विसावा दिवस

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका पहाटे आमची मोठी म्हैस रेकायला लागली. मामा, म्हणजे माझे सासरे, बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. शेपूट बाजूला करून बघितलं आणि तिथनंच ओरडले, "माजावर आलीया! सोट बघा कसा काचेसारखा!" सोट म्हणजे माजावरच्या म्हशीचा चिकट स्राव. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढनं उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, बॉलपेननं लिहिलं : मोठी, पाटे पाच.

मी विचारलं, डॉक्टरांना फोन लावू का? तर मामा म्हणाले, "आत्ता कशाला? पहाटं आलीया म्हंजे सांजच्याला भरवायची. सांजंला आली आसती तर उद्या सकाळी." संध्याकाळी डॉक्टर आले. नायट्रोजनच्या कंटेनरमधनं, उणे १९६ अंशांतनं, वीर्याची एक बारीक कांडी काढली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली आणि पाच मिनिटांत काम करून गेले. आत्तींनी पुढचे २१ दिवस मोजले आणि त्या तारखेला गोल केला. उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, तर ह्या दिवशी कळणार.

मी गोठ्याच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. त्याच दिवशी सकाळी माझी पाळी आली होती. आम्ही मूल हवं असं ठरवल्यापासूनची चौदावी.

आणि मला एकदम हसू आलं. ह्या घरात म्हशीची वेळ तासावर माहीत आहे. माझी कुणालाच नाही. मलाही नाही.

थोडं आमच्याबद्दल सांगते. आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहतो. मी राजारामपुरीत एका पतसंस्थेत कॅशला आहे, वय ३२. नवरा गोकुळ शिरगावला फौंड्रीत, भट्टीवर. लग्नाला चार वर्षं झाली, पहिली दोन वर्षं आम्ही मुद्दाम थांबलो होतो. त्याचाही दोष पुढं माझ्यावरच आला, पण ते जाऊ दे.

आत्तींचं स्वतःचं एक गणित होतं. पाळीचे चार दिवस सोडायचे, पाचव्या दिवशी न्हायचं, तिथनं सोळाव्या रात्रीपर्यंत "दिवस चांगले". सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. मला वाटायचं हे त्यांच्या माहेरचं काहीतरी असेल. नंतर कळलं की हे थेट मनुस्मृतीतलं आहे, तिसऱ्या अध्यायातलं. सोळा रात्रींचा ऋतुकाळ, पहिल्या चार वर्ज्य, सम-विषमाचा हिशेबसुद्धा तिथलाच. आत्तींनी मनुस्मृतीचं नावही कधी वाचलेलं नाही. पण नियम कसे चुलीपाशी येऊन बसतात बघा.

मी शिकलेली. मी मोबाईलमध्ये ॲप घेतलं. त्यात पाळीची तारीख टाकली की चौदाव्या दिवशी एक फूल उमलायचं. त्याआधी एका डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनीही चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : दिवस १२ ते १६. तुमची पाळी किती दिवसांनी येते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझी पाळी येते ३३ ते ३६ दिवसांनी. मला वाटायचं, थोडी उशिरा येते एवढंच.

म्हशीच्या त्या दिवसानंतर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. मॅडम वयस्कर आहेत, बोलतात कमी. त्यांनी पहिल्यांदा मागितल्या त्या गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा. कागदावर एकाखाली एक लिहिल्या, मधले दिवस मोजले आणि म्हणाल्या, "पुढून मोजू नका. पुढची पाळी यायच्या तारखेपासून मागं चौदा मोजा." ३४ वजा १४. वीस.

ह्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला इतकं साधं वाटलं की दहावीच्या विज्ञानात हे का नव्हतं असा राग आला. बीज, म्हणजे बाईचं अंडं, बाहेर पडलं की त्याची रिकामी पिशवी पिवळसर होते, पीतपिंड म्हणतात त्याला. ते पिंड प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करतं आणि गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत सुकतं. मग पाळी येते. म्हणजे बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले. कमीजास्त होतो तो पहिला भाग, बीज तयार होण्याचा. २८ दिवसांची पाळी असलेल्या बाईला तो चौदा दिवस लागतो, मला वीस. जपानमधल्या ओगिनो नावाच्या डॉक्टरांनी हे मागून मोजायचं सूत्र १९२४ साली मांडलं होतं. शंभर वर्षं झाली. माझ्या ॲपपर्यंत ते पोचलं नव्हतं.

म्हणजे मनुस्मृतीची सोळावी रात्र संपते तेव्हा माझ्या बीजाला तयार व्हायला अजून चार दिवस असतात. सम काय आणि विषम काय.

मॅडमनी त्या महिन्यात सोनोग्राफीनं बीज वाढताना बघितलं. फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. चौदाव्या दिवशी, म्हणजे ॲपमध्ये फूल उमलतं त्या दिवशी, माझ्या बीजाची पिशवी होती ११ मिलिमीटर. सतराव्या दिवशी १६. एकोणिसाव्या दिवशी २०, आणि मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. राखाडी भुरभुरीत एक काळं गोल, द्राक्षाएवढं. मी पहिल्यांदाच बघत होते. एकविसाव्या दिवशी गेले तर ते फुटलेलं होतं आणि मागं थोडं पाणी दिसत होतं. साधारण १८ ते २२ मिलिमीटरला ते फुटतं. दर महिन्याला हे माझ्या पोटात चाललेलं असतं आणि मी काउंटरला बसून लोकांच्या नोटा मोजत असते.

बाहेर पडलेलं बीज जगतं फक्त बारा ते चोवीस तास. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून उपयोगाचे दिवस असतात ते बीज सुटायच्या आधीचे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात २२१ बायकांनी रोज सकाळची लघवी जपून ठेवली, त्यावरनं बीज कुठल्या दिवशी सुटलं ते काढलं गेलं, आणि १९९५ साली तो अभ्यास छापून आला. राहिलेले सगळे गर्भ एकाच सहा दिवसांच्या पट्ट्यातल्या संबंधांतून राहिले होते : बीज सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पाच दिवस आधी शक्यता १० टक्के, सुटायच्या दिवशी ३३ टक्के. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

आता आमचं बघा. चिठ्ठीप्रमाणे बाराव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत आम्ही इमानेइतबारे हजर. सतराव्या दिवसापासून मी पाय वर करून झोपणं बंद करायचे (त्याचा तसाही काही उपयोग नसतो म्हणे) आणि नवरा रातपाळी घ्यायचा. माझा खरा पट्टा पंधरा ते वीस किंवा एकवीस. म्हणजे चौदा पाळ्यांची आमची हजेरी दाराच्या उंबऱ्याला लागत होती.

आणखी एका गोष्टीनं मला फार वाईट वाटलं. मामांनी बॅटरीत बघितलेला तो काचेसारखा सोट, तशीच खूण बाईलाही असते. बीज सुटायच्या आधी दोन-चार दिवस स्राव पातळ, पारदर्शक, ताणला तर तुटत नाही असा होतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. शुक्राणूंना वर चढायला आणि टिकायला तोच उपयोगी पडतो. मला तो कॉलेजपासून दिसत होता. मी आईला सांगितलं तर तिला वाटलं अंगावरनं जातंय, आणि तिनं मला महिनाभर तांदळाच्या धुवणातनं औषध दिलं. वास, खाज, रंग असं काही असेल तर ते दुखणं, डॉक्टरांना दाखवायचं. पण हे दुखणं नव्हतंच. हीच तर वेळ होती.

मेडिकलमध्ये बीज सुटायचं कळायच्या पट्ट्याही मिळतात. लघवीतलं एलएच नावाचं संप्रेरक वाढलं की दुसरी रेघ गडद होते आणि पुढच्या दीड दिवसात बीज सुटतं. मी मागितली तर पोरानं मला गरोदरपणाची पट्टी दिली आणि वर "बेस्ट ऑफ लक ताई" म्हणाला. दोनदा बदलून घ्यायला जायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या ताप मोजायचाही एक प्रकार आहे, बीज सुटल्यावर अंग अर्ध्या अंशानं गरम होतं. पण ते कळतं तेव्हा गाडी गेलेली असते, आणि आमच्याकडे उठल्या उठल्या धार असते. मी ते केलं नाही.

पट्टा कळला म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. मॅडमनी तिथंच अडवलं. सगळं जुळून आलं, बाई तिशीतली आणि दोघं ठणठणीत, तरी एका महिन्यात दिवस राहायची शक्यता साधारण २० टक्के. शंभरात वीस! मी म्हटलं, मग पाच महिन्यांत शंभर. त्या हसल्या. पतसंस्थेत काम करून मी हे बोलले. ही काही आरडी नाही, दर महिन्याला वीस जमा होत जायला. शंभर जोडपी धरा. पहिल्या महिन्यात वीस जणींना दिवस गेले, राहिल्या ऐंशी. दुसऱ्या महिन्यात ऐंशीचे वीस टक्के, सोळा. राहिल्या चौसष्ट. असं करत पाच महिन्यांनीही तेहतीस-एक जणी वाट बघतच असतात, आणि त्यांच्यात काही खोट असायलाच पाहिजे असं नाही. आमच्या पतसंस्थेतली लकी ड्रॉची चिठ्ठी म्हणा हवं तर. मागच्या वेळी नंबर लागला नाही म्हणून ह्या वेळी जास्त हक्क मिळत नाही.

मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर बारा महिन्यांपर्यंत गेले. कागदावर सातच उरतात. प्रत्यक्षात वर्षाअखेर उरतात पंधराच्या आसपास. कारण सगळ्या जोडप्यांची शक्यता सारखी वीस नसते. ज्यांचं लवकर व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांत निघून जातात, मागं राहतात त्यात अवघडवाले जास्त. तरी त्या पंधरांतल्या निम्म्यांना दुसऱ्या वर्षात आपोआप दिवस जातात. म्हणूनच डॉक्टर लोक वर्षभर थांबा म्हणतात, आणि बाई पस्तिशीच्या पुढं असेल तर सहाच महिने. वयाबरोबर ते वीस खाली येत जातात, चाळिशीत महिन्याला पाच टक्क्यांच्या आत. हे मला कुणी हळदीकुंकवात सांगितलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. तिथं सांगतात ते एकच : टेन्शन घेऊ नको, आपोआप होईल.

आता नवऱ्याचं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोघांच्या तपासण्या एकदमच करायच्या. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काहीतरी कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या जोडीनं. शिवाय त्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखाची. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मला काय धाड भरलीया?" आणि विषय संपला. दोन महिने संपलेलाच राहिला. तोपर्यंत माझं रक्त तीनदा काढून झालं होतं, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सगळं ठीक. नळ्यांची तपासणी झाली. पाळीच्या आठव्या दिवशी औषध सोडून एक्स-रे काढतात. दुखतं. "थोडंसं" म्हणतात तेवढं थोडं नाही. नळ्या मोकळ्या निघाल्या.

मग एक मजा झाली. आमची धाकटी म्हैस नोव्हेंबरात भरवली होती, ती उलटली. परत भरवली, परत उलटली. डिसेंबरात एका रात्री जेवताना मामा आत्तींना सांगत होते, "म्हशीत खोट न्हाई. कांडीच बाद आसंल. तिकडं वळूचं तपासत्यात म्हणं आधी मशिनीखाली, मगच भरत्यात. ही कुठली आणलीया कुणाला ठावं." मामांच्या मनात दुसरं काहीही नव्हतं, अगदी शपथेवर सांगते. मी ताटात बघत होते. नवऱ्याचा भाकरी मोडायचा हात थांबला. रात्री दिवा घालवल्यावर म्हणाला, "कधी जायचंय ते सांग."

लॅबवाल्यांनी तोंड मोठं असलेली प्लॅस्टिकची बाटली दिली. दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना तिथंच दिलेला बरा, पण तिथली खोली म्हणजे स्वच्छतागृहाशेजारची, दारापुढं पेशंटांची बाकडी. तो म्हणाला घरनं आणतो. मग अटी : तासाच्या आत पोचवायचं, फ्रिजमध्ये नाही, उन्हात नाही, अंगाच्या उबेत ठेवायचं. शर्टाच्या आतल्या खिशात बाटली, वरनं स्वेटर, आणि मी मागं बसून घड्याळ बघतेय. कोल्हापुरातल्याच संभाजीनगरला पुढं उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक दोन जोडलेल्या, त्यातली मागची डुलतीय, शेजारनं काढायला जागा नाही. एरवी नवरा मोटारसायकल कुठनंही घालतो. त्या दिवशी खड्डासुद्धा बघून चुकवत होता. "हलतंय का?" म्हणून मी विचारलं तर, "गप बस" म्हणाला. हॉकी स्टेडियमच्या चौकात आलो तेव्हा ३१ मिनिटं झाली होती. काउंटरला ४२. तिथल्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "सॅम्पल किती वाजता काढलं?" त्याचे कान लाल झालेले मी लग्नातसुद्धा बघितले नव्हते.

रिपोर्ट आला. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी १० लाख, त्यातले हलणारे २७ टक्के. आकडा ऐकून नवरा खूश झाला, कोटीत आहे म्हणून. मग मॅडमनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकातली खालची मर्यादा दाखवली : १ कोटी ६० लाख, आणि हलणारे ४२ टक्के. पण लगेच म्हणाल्या, ३५ ला पास आणि ३४ ला नापास असं हे नाही. ज्यांची बायको वर्षाच्या आत गरोदर राहिली अशा पुरुषांतल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांची ही रेघ आहे. कमी आकड्यावरही मुलं होतात. शिवाय एकाच माणसाचे दोन रिपोर्ट खूप वेगळे येऊ शकतात, म्हणून एकावर ठरवायचं नाही.

मग विचारलं, काम काय करता? भट्टीवर म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. वृषणं शरीराबाहेर लोंबतात त्याला कारण आहे, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश गार लागतं. आणि हा माणूस आठ-आठ तास चौदाशे अंशांच्या वितळलेल्या लोखंडापुढं उभा. घरी येऊन बंबातलं कढत पाणी अंगावर घेणार. दिवसाला तंबाखूचे सहा-सात मावे, ते वेगळेच. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा आज जे कराल ते तीन महिन्यांनी दिसेल.

नवऱ्यानं सुपरवायझरला पाठीचं कारण सांगितलं आणि डिस्पॅचला बदलून घेतलं. ओव्हरटाइम गेला, महिन्याला पगारात फरक पडला. मावा सुटला असं मी म्हणणार नाही. दोनवर आला. एप्रिलमध्ये दुसरा रिपोर्ट : २ कोटी ३० लाख, हलणारे ३८ टक्के. तो कागद त्यानं घडी करून पाकिटात ठेवला, अजून आहे. मी म्हटलं बघा, भट्टी सोडल्याचा गुण. मॅडम म्हणाल्या, असेलही, पण आकडा तसाही खालीवर होतो. असं सरळ बोलणारी बाई मला आवडते.

कारण त्याच्या उलट अनुभवही आम्ही घेतलाय. मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरनं एका मोठ्या, काचेच्या दारांच्या सेंटरमध्ये गेलो होतो. तिथं माझी एएमएच नावाची रक्ततपासणी केली. १.१ आला. समोरच्या बाईंनी, त्या डॉक्टर होत्या की काउन्सेलर ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, चेहरा पाडून सांगितलं, "अंडी संपत आलीत. वेळ घालवू नका." आणि आयव्हीएफचं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करायचं, पॅकेज, हप्त्यासकट, पुढं सरकवलं. नवऱ्याची तपासणी झाली का, हे विचारलंच नाही. मी रिक्षात रडले. पतसंस्थेत त्या दिवशी माझी कॅश दीडशे रुपयांनी कमी भरली.

मॅडमनी नंतर समजावलं ते असं. बाई जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजं असतात, पहिल्या पाळीपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात फक्त चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरतात. एएमएच सांगतं ते साठा अंदाजे किती ते. आयव्हीएफला इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील ह्याचा त्यावरनं अंदाज येतो. पण महिन्याला लागतं एकच, आणि ते चांगलं आहे की नाही हे एएमएच सांगत नाही. २०१७ साली अमेरिकेतच तीस ते चव्वेचाळीस वयाच्या साडेसातशे बायकांवर अभ्यास झाला. त्यांना आधी वंध्यत्वाचा काही त्रास नव्हता. त्यात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जायची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. आयव्हीएफ वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या मावसबहिणीच्या दोन्ही नळ्या टीबीनं बंद होत्या, तिला दुसरा रस्ताच नव्हता, आणि तिची मुलगी आता अंगणवाडीत जाते. पण ते तिचं. मला १.१ च्या आकड्यानं का पळवलं, हा माझा प्रश्न आहे.

हे सगळं चालू असताना आत्तींना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी जोतिबाला नवस बोलला होता, अंबाबाईची ओटी दोनदा भरली होती, आणि गल्लीतल्या बायकांनी विचारलं की त्या माझ्याकडे बघत नसत, तेवढं मला पुरे होतं. बोलायला सुरुवात मे महिन्यात झाली, तीही म्हशीवरनंच. धाकटी अजून भरली नव्हती. आत्ती परड्यात शेणी थापत होत्या आणि करवादत होत्या की उन्हाळ्यात हिचा माज कळतच नाही, रेकत नाही, काही नाही, मुका माज. दिवस निघून जातात.

मी पाणी घालत होते. म्हटलं, "आत्ती, बाईचा तर कायमच मुका माज असतोय."

त्यांचा हात शेणीवर तसाच राहिला. मग मी बसले आणि सगळं सांगितलं. वीस दिवसांचं, सोटाचं, सहा दिवसांचं. नवऱ्याच्या रिपोर्टचं सांगू की नको असं झालं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, माझ्या पोरावर घालतीस व्हय. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेणी उलटी करून बोटांचे वळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला थोरला लग्नाच्या सातव्या वर्षी झाला. मामास्नी कुणी तपासाय न्हाई सांगितलं. माझीच वटी सगळ्यांनी बघितली." आणि जरा वेळानं, "हे मला आधी सांगाय काय झालतं तुला?"

थोरले भाऊजी आता सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. सात वर्षांची ती गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

तेव्हापासून कॅलेंडरवर माझेही ठिपके असतात. पंधराव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलनं, अगदी बारीक. एक दिवसाआड पुरतं असं मॅडम म्हणाल्यात, म्हशीसारखी तासाची घाई नको. कांडीतले शुक्राणू फार टिकत नाहीत म्हणून तिथं वेळ साधावी लागते, माणसाचे पाच दिवसांपर्यंत टिकतात. आत्तींना हे पटलेलं दिसत नाही. ठिपके सुरू झाले की त्या नवऱ्याकडे न बघता, तव्यावरच्या भाकरीला सांगितल्यासारखं सांगतात, "ह्या आठवड्याला रातपाळी घिऊ नगं म्हणावं." पहिल्यांदा तो पाण्याचा तांब्या घेऊन सरळ बाहेर निघून गेला. आता नुसतं "व्हय" म्हणतो.

अजून काही झालेलं नाही. एप्रिलच्या रिपोर्टनंतर तीन पाळ्या आल्या. तिसऱ्या वेळी चार दिवस उशीर झाला होता, ते चार दिवस मी इथं लिहिणार नाही. आणखी दोन महिने बघू, मग आययूआय करू असं मॅडम म्हणाल्यात. शुक्राणू धुऊन, चांगले हलणारे निवडून, बीज सुटायच्या वेळेला थेट गर्भाशयात सोडायचे. एका वेळेला दहा-पंधरा टक्के, म्हणजे तिथंही चिठ्ठीच. पण आययूआय म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला लागणार नाही, हे एक बरं आहे.

मोठी म्हैस ऑक्टोबरात पहिल्याच खेपेला गाभण राहिली होती. परवा पहाटे व्याली, भर पावसात, रेडी झाली. दहा महिने आणि वर काही दिवस, आत्तींच्या तारखेला दोन दिवस इकडंतिकडं. काल त्यांनी चिकाचा खरवस केला आणि पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "हिला बरं बाई, एका झटक्यात."

"तिला कुठं ऑडिट असतंय," आत्ती म्हणाल्या आणि दुसरी वडी कापायला लागल्या.